इंग्रजीतला 'माँगूस' आणि आपलं 'मुंगूस' : योगायोग की नातं?

नातं आहे, आणि अगदी जवळचं. तुम्हाला प्रश्न पडलाय की इंग्रजी शब्दाच्या शेवटी 'गूस' म्हणजे तो बदकासारखा पक्षी कुठून आला. त्या पक्ष्याचा इथे काही संबंध नाही. म्हणूनच 'गूस'चं अनेकवचन 'गीस' होतं, पण 'माँगूस'चं 'माँगूसेस'. इंग्रजांच्या कानाला शेवटचा 'गूस' ओळखीचा वाटला आणि स्पेलिंगही तसंच रुळलं, इतकंच.

इंग्रजी कोश या शब्दाचं मूळ सांगताना मराठीचं नाव घेतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत दिसू लागतो. पोर्तुगीजांचा 'मांगुश्तु', फ्रेंचांचा 'मांगूस्त', रशियनांचा 'मंगूस्त' ही सगळी त्याचीच भावंडं. गंमत म्हणजे पोर्तुगालमध्येही एक जातीचं मुंगूस आहे, त्याला तिथले लोक 'साकार्राबुश' म्हणतात. घरच्या प्राण्याला घरचं नाव, आणि इकडच्या प्राण्याला इकडचं.

पण शब्द फक्त आपला, असं मी म्हणणार नाही. तेलुगूत 'मुंगिस', कन्नडमध्ये 'मुंगुसि'. मूळ द्राविडी धरतात आणि मला ते पटतं, कारण संस्कृतात याचा मागमूस नाही. तिथे आहे 'नकुल'. त्यावरून हिंदीत 'नेवला' आणि गुजरातीत 'नोळियो' आले. मराठीने मात्र नकुल पांडवांकडे ठेवला आणि परसातल्या प्राण्यासाठी दख्खनचा शब्द घेतला. तमिळमध्ये वेगळंच, 'कीरी', आणि लाडाने 'कीरिप्पिळ्ळै'. यातल्या 'पिळ्ळै'चा अर्थ लेकरू.

नकुलाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाणिनीचं एक सूत्र आहे, 'येषां च विरोधः शाश्वतिकः'. ज्यांचं वैर कायमचं, त्यांचा द्वंद्व समास एकवचनीच होतो. त्याचं ठरलेलं उदाहरण 'अहिनकुलम्', साप आणि मुंगूस. जन्मभर भांडणाऱ्या दोघांना व्याकरणाने एका शब्दात कायमचं बांधून टाकलंय! आपण साप-मुंगसाचं वैर म्हणतो ते तेव्हापासून चालत आलेलं.

लहानपणी आजोळी कुंपणाखालून मुंगूस सळसळत गेलं की आम्ही पोरं मागे धावायचो आणि ओरडायचो, 'मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ!' ते क्षणभर थांबून मान वळवायचं, लालसर डोळे दिसायचे, आणि गवतात नाहीसं व्हायचं. मुंगूस दिसणं शुभ, त्यातही तोंड दिसलं तर जास्तच. हाक मारताना 'मुंगूस'मधला 'ऊ' गळून 'मुंगसा' होतो, हे तेव्हा कुणी शिकवायला लागलं नाही.

आता शब्दाचा सगळ्यात लांबचा प्रवास. १८७२ मध्ये जमैकातल्या एका ऊस-मळेवाल्याने उंदरांचा बंदोबस्त करायला कलकत्त्याहून नऊ मुंगसं नेली. कलकत्त्यात बंगाली लोक त्यांना 'बेजी' म्हणतात, पण जहाजावर त्यांच्यासोबत गेलं ते दख्खनचं नाव. पुढे १८८३ मध्ये त्यांची पिल्लावळ जमैकातून हवाईच्या उसात पोचली. उंदीर काही संपले नाहीत, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी मात्र फस्त होऊ लागली. त्या पक्ष्यांचा विचार आला की आजही वाईट वाटतं.

हवाईयन भाषेत 'ग' नाही आणि 'स'ही नाही, दोन्हींच्या जागी 'क' येतो. त्यामुळे तिथे आपलं मुंगूस झालंय 'मनाकुके'.