ग्रेड पॉइंट 8, 6 आणि 10 आहेत, सरासरी 8 येते. मग पुणे विद्यापीठाच्या मार्कशीटवर एसजीपीए (सेमिस्टरची ग्रेड पॉइंट सरासरी) 7.6 कसा?

मार्कशीट बरोबर आहे. तुम्ही साधी सरासरी काढलीत, एसजीपीए क्रेडिटचं (म्हणजे प्रत्येक विषयाला ठरवून दिलेल्या भाराचं) वजन धरून काढतात. प्रत्येक विषयाचा ग्रेड पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणायचा, बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) क्रेडिट पद्धतीतलं सूत्र हेच, आपलं विद्यापीठही तेच वापरतं. तुमचे दोन थिअरी विषय 4-4 क्रेडिटचे आणि प्रॅक्टिकल 2 चं, म्हणून:

8 × 4 = 32
6 × 4 = 24
10 × 2 = 20
बेरीज 76 ÷ एकूण क्रेडिट 10 = 7.6

प्रॅक्टिकलमधले 10 दिसायला भारी, पण त्यांचं वजन थिअरीच्या निम्मंच; खरा फटका त्या 6 ने दिला. (पाच-सहा विषय असतील तर एक्सेलमध्ये समप्रॉडक्ट (SUMPRODUCT) हे गुणून बेरीज करणारं फंक्शन वापरा, हाताने करताना हमखास एखादी ओळ सुटते.)

एक मात्र बघा: एखादा विषय राहिला असेल तर त्याचे पॉइंट 0 धरतात, पण क्रेडिट भागाकारातून वगळत नाहीत. तिथे बहुतेकांचं गणित चुकतं.