वर्ल्ड कप, युरो की कोपा अमेरिका: चाहत्याला सर्वांत जास्त थरार कशात येतो?

फुटबॉलचं सरळ सांगतो, कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा. वर्ल्ड कप दुसरा, युरोपातल्या देशांचा युरो तिसरा. "कोपा काय, दहा टीमची स्पर्धा" हे वाक्य मला पाठ आहे. पुण्यातला माझा मावसभाऊ 2016 पासून तेच ऐकवतोय, म्हणून तर लिहायला बसलो.

आमचं घर परभणी जिल्ह्यात, सेलूजवळ. 11 जुलै 2021, रविवार. पहाटे साडेपाचला ब्राझीलमधल्या माराकाना स्टेडियमवर अर्जेंटिना-ब्राझील, आणि त्याच रात्री साडेबाराला लंडनच्या वेम्बलीवर इटली-इंग्लंड. एका दिवसात कोपा आणि युरो, दोन्ही फायनल.

पहाटे लाईट नव्हती. मोबाईल ज्वारीच्या पोत्याला टेकवून ओसरीत बसलो. बाबा धार काढायला चरवी घेऊन निघाले होते, जाता जाता डोकावले. 22व्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या डी पॉलचा लांब पास आला, ब्राझीलच्या लोदीला तो अडवता आला नाही, आणि डी मारियानं पुढं आलेल्या गोलकीपर एडरसनच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलून टाकला. मी ओरडलो. बाबा चरवी घेऊन तसेच शेजारी टेकले.

त्यांना ऑफसाईड कळत नाही. "ह्या पट्ट्यावाल्यांचं काय अडलंय एवढं?" म्हणाले. मी सांगितलं, अर्जेंटिनाला 1993 नंतर एकही मोठा कप नाही. 2014 ला वर्ल्ड कपची फायनल हरले. 2015 आणि 2016 ला कोपाची, दोन्ही वेळा चिलीकडून, दोन्ही वेळा पेनल्टीवर. 2016 ला तर मेस्सीनंच पेनल्टी गोलच्या वरून बाहेर मारली आणि देशाकडून खेळणं सोडतो म्हणाला. मग परत आला. परवाच्या सेमीफायनलला घोट्यातून रक्त येत असताना खेळला.

शेवटची शिट्टी झाली आणि मेस्सी तोंड झाकून गुडघ्यावर बसला.

"कामून रडायलंय रं ते? हरलं का?"

"नाही बाबा, जिंकला."

गोठ्यात वासरू हंबरत होतं, आईनं दोन हाका मारल्या, पण कप उचलेपर्यंत बाबा उठले नाहीत.

रात्री युरोची फायनलही पूर्ण पाहिली. इंग्लंडच्या ल्यूक शॉचा गोल दुसऱ्याच मिनिटाला, इटलीच्या बोनुचीची बरोबरी, मग पेनल्टी आणि त्या अडवणारा इटलीचा गोलकीपर डोनारुम्मा. खेळ सकाळच्या मॅचपेक्षा कितीतरी सरस. पण इंग्लंड हरलं तेव्हा माझ्या पोटात काही कालवलं नाही. भावाचा मेसेज आला, "ही खरी फायनल."

त्याला भावकी म्हणजे काय ते कळत नाही, एवढंच मी म्हणेन. कोपा 1916 पासून चालू आहे, युरो 1960 पासून. तेच दहा शेजारी, शंभर वर्षांची बांधावरची भांडणं. वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीतही हेच दहा एकमेकांना दोन-दोनदा भिडतात. प्रत्येक फाऊलमागं कसलातरी जुना हिशोब असतो.

वर्ल्ड कपचं म्हणाल तर 18 डिसेंबर 2022 ची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल ही मी पाहिलेली सर्वांत भारी मॅच. फ्रान्सच्या एम्बाप्पेनं दोन मिनिटांत दोन गोल फेडले, 3-3 झालं, आणि अगदी शेवटी अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझनं फ्रान्सच्या कोलो मुआनीचा फटका पायानं अडवला. तेव्हा माझे हातपाय गार पडले होते. पण अर्जेंटिनाच्या टीममध्ये जीव अडकला होता तो कोपामुळं.

आता भावाच्या बाजूचंही सांगायला हवं. 2021 च्या कोपात दहातल्या आठ टीम बाद फेरीत गेल्या, त्यामुळं साखळी सामन्यांत दम नव्हता. आणि 28 जून 2021 ची युरोची रात्र मी नाकारत नाही: स्पेननं क्रोएशियाला 5-3 हरवलं, लगेच पुढच्या मॅचला स्वित्झर्लंडनं फ्रान्सला पेनल्टीवर घरी पाठवलं. तुमची कुठलीच टीम नसेल तर युरोपासूनच सुरुवात करा. आफ्रिकेचा कपही सोडू नका. 2024 ला यजमान आयव्हरी कोस्ट घरच्या मैदानावर इक्वेटोरियल गिनीकडून 4-0 हरलं, स्पर्धा चालू असताना कोच गेला, तरी कप त्यांनीच नेला. फायनलचा विजयी गोल कॅन्सरमधून उठलेल्या हालेरचा.

15 जुलै 2024 ला पुन्हा तोच योग आला. रात्री युरोची फायनल स्पेन-इंग्लंड, पहाटे कोपाची अर्जेंटिना-कोलंबिया. मायामीत गेटवर गोंधळ होऊन मॅच तासाभरापेक्षा जास्त लांबली, मग एक्स्ट्रा टाईम. मला दुकान उघडावं लागलं. शटर अर्धं वर, समोर तणनाशक न्यायला आलेले दोघं शेतकरी, आणि 112व्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या लाउतारोचा गोल. ते दोघंही काउंटरवरून वाकून बघायला लागले. मी तिथूनच भावाला फोन लावला.

तो म्हणाला, "अरे, ती मॅच अजून चालूच आहे?"