राजकारण्यांवर लोकांचा विश्वास नसला तर काय बिघडतं?

"सगळे सारखेच, मग विश्वास ठेवला काय आणि न ठेवला काय?" असं तुम्ही विचारलंय. माझा थोरला भाऊ गेली कित्येक वर्षं हेच म्हणतोय, म्हणून लिहायला बसलो.

एका प्रकल्पात आमची जमीन जायची होती. तेव्हाचे लोकप्रतिनिधी घरी येऊन बाबांना म्हणाले, "घरटी एक नोकरी, हा माझा शब्द." बाबा संमतिपत्रांचा गठ्ठा घेऊन दारोदार फिरले. लोकांनी सह्या केल्या त्या कागद वाचून नाही, बाबांकडे बघून. नोकरी एकालाही लागली नाही. साहेब भेटेनासे झाले. ज्यांच्या सह्या घेतल्या होत्या ते समोरून आले की बाबा मान खाली घालायचे, शेवटपर्यंत.

पण मला जास्त सलतं ते पुढचं. पुढच्या निवडणुकीत एक बाई निवडून आल्या. वाढीव मोबदला मागायची मुदत अजून शिल्लक होती. वकील त्यांनीच आणला, अर्ज तयार करून घेतला, फक्त सह्या हव्या होत्या. सही म्हटल्याबरोबर लोकांनी दारं लावून घेतली. मुदत टळली. खोटं बोलला एक, भोगलं बाईंनी आणि आम्ही.

हे सगळीकडे असंच होतं. 1964 साली अमेरिकेत चारातले तीन लोक म्हणायचे की सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करतं. व्हिएतनामचं युद्ध आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा वॉटरगेट घोटाळा, यानंतर तो विश्वास कोसळला आणि पुन्हा कधी तिथवर चढला नाही. निक्सन 1974 साली राजीनामा देऊन गेले, भुर्दंड मागून आलेल्या सगळ्यांना पडला. उलट शास्त्रीजी बघा. 1956 साली अरियलूरच्या अपघातानंतर त्यांनी रेल्वेमंत्रिपद सोडलं. त्याच माणसाने 1965 साली आठवड्यातलं एक जेवण सोडा म्हटलं, तर लोकांनी सोडलं. दर घरापुढे पोलीस उभा करून हे होत नाही. कर, लस, पूर यायच्या आत घर सोडणं, सगळं सांगणाऱ्याच्या शब्दावरच चालतं.

दादा म्हणतो, बाबा भोळे होते. मला हे मुळीच मान्य नाही. विश्वास ठेवणाऱ्याला भोळा ठरवलं की शब्द मोडणारा सुटतो, आणि दादाने साहेबांना आजवर एका शब्दाने दोष दिलेला नाही.

आता आंधळा विश्वास ठेवा असंही मी म्हणत नाही. आश्वासन लेखी घ्या, तारीख घालून घ्या, सभेत उठून विचारा. बाबांनी ते केलं नाही, ही त्यांची चूक होतीच. पण सगळे चोर म्हणून घरात बसू नका. दादा मतदानालाही जात नाही, आणि त्याने कुणाचं काही अडलेलं मी पाहिलं नाही.

जमीन बाबा आणि दादा दोघांच्या नावावर होती. बाईंच्या त्या अर्जावर बाबांनी सही केली होती. दादाने नाही.