वाचकांचे प्रश्न : ऐकलेलं सगळं येतं, वाचायला बसला की गप्प

प्रश्न : मॅडम, नमस्कार. माझा मुलगा चौथीत आहे. धडा एकदा वाचून दाखवला की सगळी उत्तरं तोंडी सांगतो. वडिलांच्या गॅरेजमध्ये मोटारसायकलचा कार्बोरेटर खोलून परत बसवतो. पण पुस्तक समोर धरलं की गप्प. फळ्यावरचं सगळं वहीत नीट उतरवतो, आणि त्यातलीच एक ओळ वाच म्हटलं तर येत नाही. बाई म्हणतात आळशी आहे, रोज दहा पानं शुद्धलेखन करून घ्या. ट्यूशनही लावून झाली. ह्यांचंही लहानपणी असंच होतं, सातवीत शाळा सुटली. सासूबाई म्हणतात, बापावर गेलाय. एक वर्ष मागे बसवावं का?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, ऐकलेलं त्याला कळतं, लक्षात राहतं, सांगताही येतं. आणि त्याच्या वडिलांनाही वाचन जड जायचं. या दोन गोष्टी वाचून मला डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचनातल्या अध्ययन अक्षमतेची, दाट शंका येते. पत्रावरून निदान होत नसतं, तपासणी करावीच लागेल. पण ही अडचण बऱ्याचदा घराण्यात चालत येते आणि हुशारीशी तिचं देणंघेणं नसतं, हे सासूबाईंना जरूर सांगा. शक्य तर ह्यांच्यासमोरच सांगा. ते स्वतःला इतकी वर्षं ढ समजत आले असतील, तर त्यांच्याही कानावर हे पडायला हवं.

आता दहा पानांचं. ते आजच बंद करा. उतरवताना मूल अक्षराचा आकार काढतं. त्या आकाराचा आवाज डोक्यात उमटला नाही, तर कितीही पानं भरली तरी वाचन पुढे सरकत नाही. माझ्याकडे एक मुलगी यायची. वही इतकी सुबक, की बघत राहावं. तिला मी ‘दिवस’ हा शब्द वाचायला दिला. ‘द... व... दवी...’ असं करत ती अडली, मग शेजारच्या उगवत्या सूर्याच्या चित्राकडे बघितलं आणि घाईघाईने म्हणाली, “सकाळ!” अशी मुलं वर्षानुवर्षं अंदाजावर निभावून नेतात, आणि त्यात किती डोकं लागतं याची मोठ्यांना कल्पनाच नसते.

ती का अडली बघा. ‘दि’मध्ये वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, तिचा आवाज मात्र ‘द’च्या नंतर येतो. ‘सूर्य’मध्ये रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो आणि बोलताना ‘य’च्या आधी येतो. आपण हे नकळत शिकून गेलो. या मुलांना ते एकेक पायरी करून दाखवावं लागतं. मी चित्र झाकलं, पुस्तकही मिटलं. आधी नुसत्या टाळ्या : दि, व, स. प्रत्येक आवाजाला एक चिंचोका. मग ‘दि’ लांबवून म्हणायचा, म्हणजे आतला ‘इ’ कानाला पकडता येतो. त्यानंतर अक्षरांची कार्डं काढली. वेलांटीचं कार्ड वेगळं, लाल स्केचपेनने काढलेलं. ‘द’ आधी ठेवायचा, मग ‘इ’ म्हणत वेलांटी स्वतःच्या हाताने त्याच्या डावीकडे सरकवायची. हे हाताने केल्यावर तिला वेलांटीचं गणित उलगडलं. शब्द वाचायला त्यानंतरही बरेच दिवस लागले.

घरी रोज पंधरा-वीस मिनिटं एवढंच करा. ताटात रवा पसरून बोटाने अक्षर काढू द्या, काढताना आवाज मोठ्याने म्हणू द्या. घ-ध, भ-म, ब-व या जोड्या एकत्र कधीच शिकवू नका. एक पक्कं झालं, की बऱ्याच दिवसांनी दुसरं. आकड्यांतही गोंधळ होत असेल, कारण ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि मूल 35 लिहून मोकळं होतं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशी पद्धत आली तेव्हा बरीच टीका झाली. मला ती पद्धत या मुलांसाठी मोलाची वाटते. आधी ‘पन्नास आणि तीन’, मग त्रेपन्न.

आणि ताई, एक गोष्ट मी अगदी आग्रहाने सांगते. वाचन सुधारेपर्यंत त्याचा बाकीचा अभ्यास अडवून ठेवू नका. परिसर अभ्यासाचा धडा तुम्ही वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्याला ऐकू द्या, उत्तरं तोंडी घ्या. नाहीतर वाचन येईल तेव्हा त्याचं ज्ञान चौथीतच राहिलेलं असेल. मागे बसवून तोच वर्ग त्याच पद्धतीने पुन्हा मिळेल, आणि मित्र पुढे जातील. मागे बसवू नका.

तपासणीआधी डोळे आणि कान तपासून घ्या. साधारण तिसरीपासून, म्हणजे आठव्या वर्षापासून, ही तपासणी करतात, त्यामुळे त्याचं वय योग्य आहे. जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात चौकशी करा. 1995 च्या अपंग कायद्यात ही अडचण नव्हतीच. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत ती आली. महाराष्ट्राने मात्र दहावीच्या परीक्षेत सवलती 1996 पासूनच दिल्या. प्रमाणपत्र असेल तर जादा वेळ, लेखनिक अशा सोयी मिळतात. पुढे 14 व्या आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी होते.

बाईंशी भांडू नका. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात सुबक वही बघून कुणालाही तसंच वाटेल. एकच विनंती करा : त्याला अचानक उभं करून वाचायला लावू नये. उद्या वाचायच्या चार ओळी आज सांगितल्या, तर तो घरी तयार करून येईल.

तपासणीला जाताना पहिलीपासूनच्या वह्या बरोबर न्या, रद्दीत घालू नका. त्यातल्या चुका कुठून सुरू झाल्या, हे बघणाऱ्याला त्यावरून बरंच कळतं.