जुन्या सीडींची फुलदाणी: सुरुवातीला एवढंच
पहिल्यांदाच करतेयस ना, मग काचेची बाटली नको, सरळ कडांची मातीची कुंडी घे, काचेवर साधं फेविकॉल लावलं की तुकडे घसरत खाली येतात. आणि सगळे चुकतात ते कापताना, थंड सीडी तडकते आणि चमकी लेबलसकट पापुद्र्यासारखी सुटते कारण तो अॅल्युमिनियमचा थर लेबलच्या खालीच असतो.

- आधी कडकडीत गरम पाण्यात मिनिटभर ठेव, मग काप. चष्मा घालच, कपचे उडतात.
- तुकडे 1 सेंमीचेच, मोठे केलेस तर गोलाईवर कोपरे उभे राहतात, बोटाला लागतात.
- चिकटवताना दोन तुकड्यांच्या मध्ये 2 मिमी फट सोड.

मग त्या फटींत ग्राउट (फरशीच्या सांध्यांत भरतात ते सिमेंटसारखं मिश्रण) भर आणि ते पूर्ण वाळायच्या आत ओल्या फडक्याने पुस. डिझाइनचं नंतर बघू. झाली की उन्हात ठेव, भिंतीवर इंद्रधनुष्याचे ठिपके पडतात, अजूनही बघत बसते मी!