आधी माळ्यावर चढ

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. धारावीची लोकसंख्या कुणी सहा लाख लिहितं, कुणी दहा लाख, आणि तुझ्या गाइडना तक्त्यात एकच आकडा हवाय. दोन चौरस किलोमीटरांहून जराशी मोठी जागा आणि चार लाख माणसांचा घोळ! त्यातली बरीचशी माणसं कुठं असतात ते सांगतो. माळ्यावर असतात.

खाली दारात जो भेटतो, त्याच्याकडे रेशनकार्ड असतं, वीजबिल असतं, आणि बोलायला वेळही असतो. तुझी प्रश्नावली तिथंच भरून होते. वर जायला उभी लोखंडी शिडी असते आणि धरायला बहुधा नुसती दोरी. वर भाडोत्री कुटुंब असतं, नाहीतर जरीकाम करणारी पोरं. दिवसा ज्या फळीवर काम, रात्री तिथंच झोप. ईद, लग्नसराई, गावचा हंगाम आला की निम्मी पोरं उत्तर प्रदेश-बिहारकडे निघून जातात. 2021 ला व्हायची जनगणना तर झालीच नाही, म्हणजे अजून सगळे 2011 च्याच आकड्यांवर गुजराण करताहेत. तेव्हा आकडा शोधत बसू नकोस. माळ्यावर चढ.

तू लिहिलंयस, ‘मिश्र वस्ती’. हा शब्द वाचून वैताग आला, खरं सांगतो. कोळी कोळीवाड्यात, सौराष्ट्रातून आलेले कुंभार कुंभारवाड्यात, तिरुनेलवेलीकडून कातडी कमावायला आलेल्यांची नातवंडं आपापल्या चाळींत. मिसळण राहण्यात कमी, धंद्यात जास्त आहे. एक चामड्याची बॅग घे. कातडी आता बाहेरून कमावून येते, कारण इथल्या टॅनरी कधीच उठल्या. कापणारा-शिवणारा बिहारचा, गाळा मराठी चर्मकाराचा किंवा तमिळ माणसाचा, गिऱ्हाईक सायनच्या रस्त्यावरच्या दुकानात. धर्म-भाषेचे गोल तक्ते काढलेस तर यातलं एकही नातं त्यात दिसणार नाही. एका वस्तूमागे चालत जा, वस्ती आपोआप उलगडेल.

आणि ‘मासिक उत्पन्न किती?’ हा प्रश्न खोडून टाक. इथं बहुतेकांना नगावर पैसे मिळतात. गेल्या आठवड्यात किती नग झाले, नगाला काय भाव, उचल किती कापली, असं विचार. बाईला ‘काय करता?’ विचारलंस की ती म्हणेल, घरीच असते. तिच्यामागे उपड्या टोपल्यांवर पापड वाळत असतील. किलोमागे मजुरी घेऊन लाटलेले! तू ‘गृहिणी’ लिहून पुढच्या दाराला जाशील. नको जाऊस. कुंभारवाड्यात तर घर कुठं संपतं आणि भट्टी कुठं सुरू होते हे घरच्यांनाही सांगता येत नाही. ‘निवासी की व्यावसायिक’ या चौकटीत तू काय खूण करणार?

आता म्हणशील, माळ्याचा एवढा हट्ट कशाला. पुनर्विकासाचे नियम नीट वाच. 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या, तळमजल्यावरच्या पात्र कुटुंबाला धारावीतच 350 चौरस फुटांचं घर फुकट. माळ्यावरच्याला घर धारावीबाहेर, आणि तेही भाडं भरून. वीस वर्षं त्याच माळ्यावर राहून पोरांना तिथल्याच शाळेत घातलेलं असलं तरी. खालचा आणि वरचा यांच्यात सात-आठ पायऱ्यांचं अंतर, पण कागदावर ते दोन वेगळ्या शहरांचे नागरिक. तुझ्या तक्त्यात वरचा रकाना रिकामा राहिला, तर तोही याच हिशेबात जमा होतो.

मी हे एका कार्यालयात अहवालाच्या बैठकीत मांडलं होतं. ‘मजलानिहाय रकान्याची गरज नाही, काम लांबतं,’ असं उत्तर मिळालं. मी वह्या उचलल्या आणि बाहेर पडलो. लोक म्हणाले, एवढ्यातेवढ्यावरून करिअर घालवलंस. घालवलं असेल. दुसरा कुणी त्या रकान्यासाठी भांडला असता, तर मला भांडावं लागलं नसतं. हळहळ एवढीच, की त्या वह्या माझ्याच कपाटात पडून राहिल्या. छापायला हव्या होत्या. तुला हव्या असतील तर घेऊन जा. वाळवी लागलेली पानं जपून उलट.

दुपारी जाऊ नकोस, तेव्हा मशीन थांबवायला कुणी तयार नसतं. रात्री जेवणाच्या वेळी जा. तेराव्या कंपाउंडात प्लॅस्टिकचे तुकडे करणाऱ्या यंत्रांजवळ ओढणी आवरून उभी राहा. फोटो आधी विचारून. चहा दिला तर घे, आणि साडी नेसून शिडी चढायचा पराक्रम करू नकोस.

गाइडकडे मुदतवाढ माग. नाही म्हणाले तर मला फोन जोडून दे. त्यांच्या वयाच्या माणसांशी मी याच विषयावर पूर्वीही भांडलोय, पुन्हा भांडेन.

तुझा,
काका