पोस्टर म्हणजे जाहिरात की कला?

प्रश्न : आमच्या ग्रुपमधे वाद चालूय. माझं म्हणणं, पोस्टर म्हणजे जाहिरात, खेळ संपला की रद्दी. मग म्युझियमवाले ती फ्रेम करून का लावतात? कला म्हणून कधीपासून बघायला लागले लोक? — एक वाचक, सांगली

उत्तर : रद्दी तर खरंच हो. पण १८९०च्या आसपास पॅरिसमधे शौकीन लोक हीच रद्दी रात्री भिंतीवरून सोलून घरी न्यायला लागले, दुकानात विकायलाही लागली.

त्याआधी पोस्टर म्हणजे बहुतेक नुसती ठळक अक्षरं. ज्यूल शेरे नावाचा माणूस लंडनला रंगीत शिळाप्रेस शिकून आला आणि १८६६ला पॅरिसमधे त्याने स्वतःचा छापखाना टाकला. शिळाप्रेसची गंमत अशी की गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा, पाणी असेल तिथे शाई धरत नाही, चित्रालाच चिकटते. चित्र आरशातल्यासारखं उलटं काढावं लागतं, अक्षरंसुद्धा! आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड, कागद तितक्या वेळा मशीनमधून जाणार, जरा सरकला की रंग बाहेर. म्हणून मोजके, सपाट रंग. माझ्या मते पोस्टरची सगळी स्टाईल या अडचणीतूनच आलीय, आणि चित्रकार स्वतः दगडावर काढत असल्याने अक्षरंही त्याच्याच हातची.

तुलूझ-लोत्रेक या चित्रकाराने १८९१ला पॅरिसच्या मूलॅं रूझ या नाचगाण्याच्या क्लबसाठी केलेलं पोस्टर नेटवर बघाच. पुढे टोपीवाल्या माणसाची करडी आकृती, मागे गर्दीच्या काळ्या सावल्या, मधे नाचणारी ला गुल्यू, आणि तिचा पांढरा झगा म्हणजे जवळपास कोरा सोडलेला कागद!! जपानी छापचित्रांचा असर आहे तो. आल्फोन्स मुखा या चित्रकाराची पोस्टरं जास्त फेमस, कॉफीच्या मगवर आणि कॅलेंडरवर सगळीकडे तीच, पण मला जरा गोडच वाटतात.

आपल्याकडे हेच तंत्र राजा रवि वर्मांच्या प्रेसमधे होतं, १८९४ला मुंबईत सुरू झाली, नंतर मळवलीला गेली, पण तिथे मुख्यतः देवादिकांची चित्रं. सिनेमाच्या पोस्टरचं म्हणाल तर कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. त्यांच्या १९२४च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सगळ्यात जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत धरतात. ग्रुपवर तेच टाका आधी.